जुनी महिंद्रा एफसी-१५० पिकअप विकायची आहे : रंगवून की आहे तशी?

आळीतला_मंडपवाला

नमस्कार मंडळी. ठाण्यात खारकर आळीत आमचं जुनं घर आहे. पुनर्विकासाचं घोडं बरीच वर्षं अडलं होतं, ते एकदाचं गंगेत न्हालं. दिवाळीपर्यंत जागा रिकामी करून द्यायची आहे. कपाटं-पलंग कुठेतरी जातील, पण मागच्या अंगणात बाबांची गाडी आहे आणि तिच्यावरून घरात रोज वाद.

गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५० पिकअप. आरसी बुकावर पहिली नोंद १९६७ ची, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या नावावर. बाबांनी ती १९७४ मध्ये त्यांच्याकडून घेतली आणि मंडप डेकोरेशनच्या धंद्याला जुंपली. लग्नं, मुंजी, गणपती, नवरात्र. बांबू, कनाती, गालिचे, लोखंडी खुर्च्या, काय म्हणाल ते तिने वाहिलं. बाबा गेल्यावर धंदा बंद झाला आणि गाडीही उभी राहिली.

अवस्था सांगतो. मूळचा निळा रंग बॉनेटच्या जागी (म्हणजे नाकाडावर) जवळजवळ उडालाय. केबिनच्या टपाला खोलगट पोचा आहे, कारण वरच्या दोऱ्या बांधायला माणसं तिथेच उभी राहायची. टपावर लांब बांबूंसाठी लोखंडी घोडी आहे. हौद्याच्या फळ्या मधोमध घासून गुळगुळीत झाल्यात. फाळक्याची एक साखळी गायब. डाव्या दारावर बाबांचं नाव, खाली 'मंडप कॉन्ट्रॅक्टर, ठाणे' आणि जुना फोन नंबर, पेंटरने हाताने लिहिलेला. इंजिन पेट्रोल, मूळचंच. नंबर बुकाशी जुळतो.

आत्तापर्यंत तीन जण येऊन गेले. भंगारवाला वजनावर मागतोय. घोडबंदरकडचा एक कॅफेवाला म्हणतो, पुढचा अर्धा भाग कापून काउंटर करतो, रोख देतो. तिसरे ओळखीचे गॅरेजवाले. त्यांचं म्हणणं, दीडेक लाख घालून डेंटिंग-पेंटिंग करा, मग बघा कशी जाते. धाकट्या भावाला हेच पटलंय. मला नाही पटत, पण का ते नीट सांगता येत नाही. कोणी अशी गाडी विकली आहे का?

रम्या_डोंबिवली

फोटो टाका हो! फोटोशिवाय धागा म्हणजे मंडपाशिवाय लग्न.

आमच्या काकांची मॅटडोर अशीच गेली. एके दिवशी गाडी होती, दुसऱ्या दिवशी जागा होती.

कळव्याचा_मिस्त्री

मंडपवाले, मी स्वतः गॅरेजवाला आहे, म्हणजे मी 'रंगवा' म्हणायला हवं. पण नका रंगवू.

कारण धंद्याचंच सांगतो. दीड लाखात जे होतं ते असं: पत्रा ग्राइंडरने घासून पांढरा करायचा, पोच्यात लांबी (पुट्टी) भरायची, वर प्रायमर आणि चकचकीत रंग. लांब उभं राहून बघणारा खूश. पण जुन्या गाडीचं जाणतं गिऱ्हाईक खिशात चुंबक घेऊन येतं. लांबी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. एका ठिकाणी सुटला की तो मनात म्हणतो, बाकी काय काय झाकलंय देव जाणे, आणि तिथून भाव खाली. तुमची गाडी आत्ता काहीच झाकत नाहीये. ज्याला खरंच नव्यासारखी करायची असेल तो तुमचा रंग आधी खरवडणार आणि मग स्वतःचा देणार. म्हणजे दीड लाख तुम्ही घालायचे आणि ते काढायचा खर्च त्याने करायचा!

आता गंज. वरवरचा तांबूस थर वेगळा आणि पत्रा खाल्लेला वेगळा. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पाय ठेवायची जागा, केबिनच्या मागच्या भिंतीचा खालचा काठ, दारांचे खालचे ओठ आणि चेसिसवर स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती जागा, इथे दाबून बघा. टणटण वाजलं तर ठीक. आत गेला तर तसं लिहून ठेवा, जाहिरातीत लागेल.

आणि कृपा करून बॅटरी लावून सेल्फ मारू नका. कोणी हौशी भाचा असेल तर त्याला लांब ठेवा.

जीपवेडा

एफसी! ठाण्यात! अंगणात!

थोडी कुंडली सांगतो, जाहिरातीला उपयोगी पडेल. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. मूळच्या जीपवाल्या विलीज कंपनीने ही अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आणली, आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. खाली सीजे-५ जीपचाच ८१ इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), पण केबिन पुढे ढकलून इंजिनावर बसवली, त्यामुळे छोट्या गाडीवर मोठा हौदा मिळाला. तिकडे ती १९६५ ला बंद झाली. आपल्याकडे महिंद्राने साठच्या दशकात बनवायला घेतली. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे साधारण २.२ लिटर. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणून एफ-हेड. हेच इंजिन महिंद्राच्या सीजे-३बी जीपमध्ये होतं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग कुर्ल्याला शोधलेत तर अजून हाती लागतात. केबिनचे भाग, काचा, समोरची जाळी मात्र सोनं समजा. जाळी, हेडलाइटच्या रिंगा, हबकॅप कोणालाही 'जरा बघायला' देऊ नका.

दोन प्रश्न. एक, पुढच्या एक्सलला गोळा (डिफरन्शियल) आहे का, म्हणजे फोर व्हील आहे का? दोन, मूळचं पेट्रोल इंजिन टिकलं कसं? १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि पुढे हाती येईल ते डिझेल इंजिन घालायची लाटच आली. मूळ इंजिनातली धंद्याची गाडी फार कमी राहिली आहे.

आळीतला_मंडपवाला

गोळा दोन्हीकडे आहे. येऊरला पावसाळ्यात एक लग्न होतं तेव्हा बाबांनी पुढचा गिअर टाकून सामान वर चढवलं होतं, ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकलीय की पाठ झालीय.

डिझेल न घालण्याचं कारण साधं. गाडीचं सगळं आयुष्य नौपाडा, चरई, जांभळी नाका, उथळसर, फार तर कळवा-कोलशेत यातच गेलं. सकाळी सामान टाकायचं आणि दोन दिवसांनी उचलायचं. इतक्या कमी धावेत इंजिन बदलायचा खर्च कधी निघणार, असा बाबांचा हिशोब.

मिस्त्री, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो होतो. ड्रायव्हरच्या पायाखाली आरपार गेला. उजव्या दाराचा खालचा ओठही खाल्लाय. चेसिस मात्र टणटणीत आहे.

वकीलबाई_वाशी

रंगाचं तुम्ही बघा, मी कागदांचं सांगते. बाबा गेले म्हणता, पण आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे ना? मग आत्ता तुम्ही ती विकूच शकत नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागेल, त्यासाठी फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, सगळं लागेल. मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. उशीर झालाय, ते निस्तरावं लागेल. ते झालं की मग खरेदीदाराबरोबर विक्रीच्या हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०.

'सह्या करून देतो, नंतर नावावर करून घ्या' हा प्रकार अजिबात नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात स्पष्ट सांगितलंय की नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हात फिरली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली.

शिवाय ही मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी. पासिंग कधीचं संपलंय? टॅक्स थकलाय का? गाडी उभी असल्याचं आरटीओला कळवलं होतं का? पर्यावरण कराचं काय? हे आकडे हातात घेतल्याशिवाय भाव बोलू नका, नाहीतर ऐन वेळी खरेदीदार ते तुमच्याच किमतीतून कापेल.

आणि 'व्हिंटेज नोंदणी होईल' असं जाहिरातीत लिहू नका. १५ जुलै २०२१ ची अधिसूचना आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण सगळी योजना हौसेच्या, खाजगी गाड्यांसाठी आहे. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची, धंद्यासाठी नाही. मालवाहू नोंदीच्या पिकअपला ती मिळेलच असं गृहीत धरू नका. ते घेणाऱ्याने स्वतः आरटीओत विचारावं.

व्यवहारी

सगळं छान चाललंय, पण मी जरा पाणी ओततो.

न रंगवलेली गाडी हवी असणारे संपूर्ण मुंबई-ठाण्यात किती? त्यातले किती जणांकडे ती ठेवायला जागा? ठाण्यात माणसाला स्वतःची स्कूटर लावायला जागा मिळत नाही. दिवाळी आली आणि गिऱ्हाईक नाही आलं तर बिल्डरचा माणूस क्रेन घेऊन उभा राहील, मग भंगारवाला सांगेल तो भाव. कॅफेवाला रोख देतोय. घ्या आणि मोकळे व्हा. गाडीचा पुढचा भाग निदान लोकांच्या डोळ्यांसमोर तरी राहील, लोक फोटो काढतील.

देवयानी_नौपाडा

व्यवहारी, मुदतीचा मुद्दा बरोबर आहे. पण त्यावर उपाय गाडी कापणं नाही, जागा शोधणं हा आहे. शीळफाटा किंवा भिवंडी बाजूला एखादी शेड दोन-चार महिन्यांसाठी भाड्याने मिळते. भाडं किमतीत धरा. घाईने विकणाऱ्याच्या तोंडावर घाई दिसते आणि समोरचा तीच मोजतो.

मी जुनी कागदपत्रं आणि वस्तू जतन करण्याच्या कामात आहे, त्यामुळे दाराबद्दल बोलते. हाताने लिहिलेल्या पाट्या आता शहरातून जवळजवळ गेल्या, फ्लेक्सने खाल्ल्या. तुमच्या दारावर एका ठाण्याच्या पेंटरचं अक्षर आहे. सकाळच्या तिरक्या उन्हात त्या दाराकडे बाजूने बघा. १९७४ च्या आधी गाडी कारखान्याची होती, म्हणजे बाबांच्या नावाच्या रंगाखाली कारखान्याचंही नाव असणार. रंगाच्या थराच्या कडा दिसतील. टपाचा पोचा, घासलेल्या फळ्या, तुम्ही जे 'खराब झालंय' म्हणून मोजताय ते या गाडीने काय काम केलं याचा पुरावा आहे. पुन्हा रंगवलेली एफसी कोणीही करू शकतो, पैसे असले की झालं. हे दार पुन्हा करता येणार नाही.

साफ करताना तारेचा ब्रश, ॲसिड, 'गंज काढायचं' कुठलंही द्रावण अक्षरांजवळ न्यायचं नाही. सुती कापड, साधं पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, तोही आधी एका कोपऱ्यात लावून बघायचा. चमक यावी म्हणून लोक जवसाचं तेल फासतात, तेही नको. ते पिवळं पडतं आणि धूळ धरतं.

आळीतला_मंडपवाला

देवयानीताई, दिसलं! 'मंडप' च्या म च्या खाली इंग्रजी अक्षरांच्या कडा आहेत. तीन अक्षरं वाचता आली. भाऊसुद्धा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून अर्धा तास बसला होता. रंगवायचा विषय त्याने स्वतःहून बंद केला.

वकीलबाई, फॉर्म ३१ चं काम सुरू केलंय. बहीण पुण्याला असते, तिचं प्रतिज्ञापत्र झालं. टॅक्सची थकबाकी निघाली, आकडा बघून घाम फुटला पण भरू.

आता इंजिनाचं काय करू? चालू करून दाखवलं तर भाव वाढेल ना?

कळव्याचा_मिस्त्री

वाढेल, पण क्रमाने. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचं वार्निश झालं असेल. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून ओता, चार-पाच दिवस तसंच राहू द्या. मग गिअर न्यूट्रलला टाकून इंजिन हाताने हळू फिरवून बघा. अडलं तर जोर नाही लावायचा, पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. मोकळं फिरलं की ऑइल बदला, कार्बोरेटर धुवा, आणि बाटलीतून वेगळं पेट्रोल देऊन चालू करा. मूळ टाकी जोडू नका.

चालू झालं तरी चालवायची नाही! इतकी वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर जाम असतात आणि ब्रेकचे होज आतून फुगलेले असतात. एफसी रिकामी असताना नाकावर जड असते, जोरात ब्रेक मारला की मागचा भाग हलका होतो. जुने ड्रायव्हर हौद्यात वाळूच्या गोण्या टाकायचे.

आणि घट्ट ताडपत्री काढा. या हवेत आत घाम धरतो आणि पत्रा खालून कुजतो. वर छप्पर, बाजू मोकळ्या.

जीपवेडा

मिस्त्रींना दंडवत. एक भर: गिऱ्हाईक येणार त्या दिवशी इंजिन आधी गरम करून ठेवू नका. जाणता माणूस आल्या आल्या हात लावून बघतो. थंड इंजिन त्याच्यासमोर चालू करा.

आळीतला_मंडपवाला

मंडळी, जाहिरात लिहिलीय, बघा:

'सोन्यासारखी विंटेज गाडी! एकहाती वापरलेली, रनिंग कंडिशन, फक्त हौशी माणसाने फोन करावा. किंमत बोलून ठरवू.'

रम्या_डोंबिवली

कारखाना, मग तुम्ही. एकहाती कुठून आली? ब्रेक नाहीत तर रनिंग कशी? आणि सोन्यासारखी म्हटलंत तर उद्या सोनारच येतील.

देवयानी_नौपाडा

+१ रम्याला. वाईट ते आधी लिहा. भोकं लपवलीत तर ती बघायला आलेला माणूस परत जातो, सांगितलीत तर तोच माणूस तयारीने येतो. आणि भाव लिहाच. 'बोलून ठरवू' म्हटलं की फक्त वेळ घालवणारे फोन करतात.

आळीतला_मंडपवाला

दुरुस्त करून:

'महिंद्रा एफसी-१५० पिकअप, पहिली नोंद १९६७, फोर व्हील. मूळ पेट्रोल इंजिन, इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतात. आधी वागळे इस्टेटमधला कारखाना, १९७४ पासून ठाण्यातला मंडप डेकोरेशनचा व्यवसाय. कधीही पूर्ण रंगवलेली नाही, दारावर व्यवसायाचं हस्तलिखित नाव शाबूत. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा आरपार गेलेला, उजव्या दाराचा खालचा काठ खाल्लेला, टपाला पोचा, फाळक्याची एक साखळी नाही. चेसिस चांगलं. इंजिन हाताने मोकळं फिरतं, वेगळ्या पेट्रोलवर चालू होतं. ब्रेक नाहीत, चालवत नेता येणार नाही, उचलून न्यावी लागेल. मालवाहू नोंद, पासिंग संपलेलं, कर भरलेला. वारस नोंद पूर्ण झाल्यावरच हस्तांतरण. कापण्यासाठी किंवा सुटे भाग काढण्यासाठी द्यायची नाही.'

खाली भाव आणि नंबर टाकतोय, इथे नाही टाकत.

व्यवहारी

शेवटच्या ओळीला कायद्याने काही अर्थ नाही. विकल्यावर तो कापेल नाहीतर पुरेल.

वकीलबाई_वाशी

खरं आहे, पण राहू द्या. त्या ओळीने दहातले सात फोन कमी होतात.

आळीतला_मंडपवाला

बातमी. गाडी ठरली.

पनवेलजवळचे एक गृहस्थ, स्वतःची शेती, घरी आधीच एक सीजे-३बी. कॅफेवाल्याने आकडा वाढवला होता, तरी यांचा थोडा वर निघाला. भंगाराच्या कितीतरी पट. नक्की किती ते लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. हे गाडीखाली टॉर्च घेऊन इतका वेळ होते की आईने दोनदा चहा पाठवला. गाडीपेक्षा जास्त त्यांनी कागद बघितले. बाबांच्या ऑर्डरच्या वह्या निघाल्या होत्या: तारीख, गिऱ्हाईक, किती बांबू, किती खुर्च्या, कुठे पोचवायचं. त्या वह्याही त्यांना गाडीबरोबर हव्या होत्या. बहीण नाही म्हणाली, तिथे सौदा जवळजवळ मोडत होता. शेवटी वह्या आमच्याकडे, सगळ्या पानांचे स्कॅन त्यांना.

फक्त पायाखालचा पत्रा बदलणार आणि ब्रेक करणार, म्हणाले. रंगाला हात नाही. उद्या मन बदललं तर बदललं, त्यांची गाडी. टोकन घेतलंय, आरसी माझ्या नावावर होऊन आली की फॉर्म २९, ३० वर दोघांनी एकत्र सह्या, आणि ताबा दिल्याची पावती तारीख-वेळेसकट, वकीलबाईंनी सांगितली तशी.

आता अडचण वेगळीच. उचलून न्यायचा ट्रक आळीत वळत नाही. गाडी ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची, तेही रात्री दुकानं बंद झाल्यावर. आणि ब्रेक नाहीत.

कळव्याचा_मिस्त्री

हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. मागून जाड दोर बांधून चार माणसं दोरावर ठेवा, दोघांच्या हातात लाकडी उटी (चाकाखाली सारायच्या पाचरी) द्या, चाकाबरोबर चालायला. स्टिअरिंगवर थंड डोक्याचा माणूस. टायरमध्ये आधी हवा भरा, नाहीतर अंगणातून हलणार नाही. कोणत्या रात्री ते कळवा, मी दोन पोरं घेऊन येतो. एफसी ढकलायला मिळत नाही रोज.

जीपवेडा

मीही येतो. टपावरची घोडी सोबत देताय ना?

आळीतला_मंडपवाला

देतोय. तिचे नटबोल्ट असे बसलेत की काढायची म्हटली तरी निघणार नाही. शनिवारी रात्री साडेअकरानंतर या सगळे, दोर आमच्याकडे भरपूर आहेत.